बांधावरची हिरवी खूण

खाडीचा बांध फुटला तेव्हा मी चौथीत होते. आमच्याकडे त्याला खांड गेली असं म्हणतात. भर दुपारच्या उधाणाला पाणी आत आलं आणि पोटरीला आलेलं भात उभंच्या उभं बुडालं. ओहोटीला पाणी परत गेलं, मीठ मात्र ठेवून गेलं. पुराचं पाणी ओसरलं की शेत पुन्हा आपलं होतं. खार शिरलेलं शेत तसं होत नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं ते नुसतं दिसायला शेत राहिलं. उन्हाळ्यात त्यावर पांढरा पापुद्रा धरायचा. आय म्हणायची, "बगा, फुकटचं मिठागर झालं आपलं." ती एकटीच हसायची.

बाबा मग खऱ्या मिठागरावर रोजावर जायला लागले, उरणच्या बाजूला. स्वतःच्या शेतात मीठ आलं म्हणून कपाळाला हात लावून बसलेला माणूस दुसऱ्याचं मीठ टोपल्यांनी वाहत होता. त्यांच्या टाचांच्या भेगांत मीठ जायचं. संध्याकाळी ते पाय गोड्या पाण्यात बुडवून बसत. पावसाळ्यात मिठागर बंद, मग मिळेल ते काम. घरात तांदूळ दुकानातून यायचा. भात पिकवणाऱ्या घरानं तांदूळ पिशवीतून आणायचा याची लाज काय असते, ते शहरातल्या माणसाला कसं सांगू? आय दुकानातून येताना पुढच्या वाटेनं यायची नाही. पिशवी पदराखाली धरून मागच्या वाडीतून यायची.

बांध पुन्हा बांधला गावानंच. पुरुष खाडीतला चिखल कापून गोळे करत आणि बायका रांगेत उभ्या राहून ते हातोहात पुढं देत. बांध बांधून झाला की तो वाटून घ्यायची पद्धत आहे. प्रत्येक घराला आपला तुकडा, दोन्ही टोकांना लाकडी मेढी, म्हणजे रोवलेले खुंट. उधाणाच्या आधी ज्यानं त्यानं आपला वाटा चालून बघायचा. बघायचं ते लाट नव्हे. लाटेनं बांध क्वचितच जातो. तो जातो चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, बिळांनी. बांधाच्या पोटात चिंबोरी बीळ करते, अलीकडून पलीकडे जाते, आणि भरतीचं पाणी त्याच वाटेनं येतं. आधी बोटभर, मग मनगटाएवढं, मग खांड. बीळ दिसलं की पेंढा कोंबून, चिखल भरून, टाचेनं दाबायचं. एवढंच काम. पण ते पायांनी चालत जाऊनच करावं लागतं.

हे सगळं आधी सांगितलं कारण कॉम्प्युटरबद्दलची माझी मतं इथून आलेली आहेत, पुस्तकांतून नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मोठ्यानं सांगते, कुणाला गर्व वाटला तर वाटू दे. माझा पहिला कॉम्प्युटर बंदराजवळच्या कुठल्या तरी ऑफिसनं टाकून दिलेला होता. बाबांच्या ओळखीचा एक ट्रेलरवाला तो भंगारात घालायला नेत होता. बाबांनी मध्येच उतरवून घेतला आणि गोणपाटात गुंडाळून घरी आणला. त्यावर विंडोज चालायचं नाव घेत नव्हतं, मशीनच्या अंगात तेवढा जीव नव्हता. कॉलेजातल्या एका सरांनी पेनड्राइव्हवर लिनक्स दिलं. ते चाललं. नुसती काळी पाटी आणि पांढरी अक्षरं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माऊस तर आधीपासूनच नव्हता. आय दारातून बघून म्हणाली, "ह्यात पिक्चर न्हाय दिसत?"

"न्हाय आय."

"मग काय दिसतं?"

"मी लिहिलेलं दिसतं."

"ते तर वहीत पन दिसलं असतं गो बाय," असं म्हणून ती चुलीकडे गेली.

त्याचं उत्तर माझ्याकडे आज आहे. वहीत लिहिलेलं चुकलं तर वही गप्प बसते. ती काळी पाटी तोंडावर सांगायची की अमुक ओळीवर चुकलीस. मला तो उद्धटपणा आवडला. आमच्या गावातल्या माणसांसारखाच होता.

तेव्हा लिनक्स मी निवडलं असं मी म्हणत नाही. ते पदरात पडलं. ऑफिसात काही मुलं लिनक्सवर असं बोलतात, जणू व्रत घेतलंय. त्यांच्यातली मी नाही. माझं म्हणणं साधं आहे. मशीन माझं, तर त्यात काय चाललंय ते मला विचारता आलं पाहिजे आणि त्यानं उत्तर दिलं पाहिजे. विंडोज वाईट आहे असं मी कधी म्हणत नाही. अर्ध्या जगाची पोटं त्यावर चालतात आणि आमच्या ग्रामपंचायतीतही तेच आहे. पण ते मधेच "जरा थांबा, मी स्वतःला नवीन करून घेतो" असं म्हणून दार लावून घेतं, ते मला सोसत नाही. पाहुण्यानं आपल्याच घरातून आपल्याला ओटीवर बसवावं तसं वाटतं. कंपनीनं पुढे मॅक दिला. देखणं मशीन. कीबोर्डवर हात ठेवला की काढावासा वाटत नाही. बाबांनी त्याच्या झाकणावर हात फिरवून विचारलं होतं, "ह्ये पितळंचं हाय का?" पण मॅकमध्ये फाइल कुठं ठेवलीय ते विचारलं की तो गोड हसतो आणि म्हणतो, तुला कशाला हवंय? मला हवंय. म्हणूनच हवंय.

एडिटरचंही, म्हणजे ज्यात कोड लिहायचा त्या साधनाचंही तेच. काळ्या पाटीतला जुना एडिटर मी अजून वापरते. सतत वीज जाणाऱ्या घरात शिकले, त्यामुळे दोन ओळी लिहिल्या की जतन करायची बोटांना सवय आहे. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो, "तू म्हणजे ना, गॅस असून चुलीवर रांधणारी बाई." त्याचा एडिटर उघडेपर्यंत मी चहा घेऊन येते, हे मी त्याला दरवेळी दाखवून देते. मात्र भांडायचंच असेल तर मी एडिटरवरून भांडत नाही. प्रोग्रॅमरच्या हत्यारांत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते गिट. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली आणि का बदलली, हे त्यात राहतं. "का" लिहायची जागा आहे तिथं. बहुतेक लोक तिथं "बदल केला" एवढंच लिहितात. अरे, बदल केला ते दिसतंय की. का केलास ते सांग.

आता ऑफिसात नवीन साधनं आली आहेत, स्वतःच कोड लिहिणारी. मी तीही वापरते. न वापरून सांगणार कुणाला? आमचं ऑफिस नवी मुंबईत, कंटेनर यार्डांसाठी सॉफ्टवेअर करतं. पूर्वी एक माणूस लिहायचा आणि दुसरा ओळन् ओळ वाचायचा. आता मशीन लिहितं, मशीनच चाचण्या लिहितं, मशीनच त्या चालवतं, आणि शेवटी एक हिरवी खूण उमटते, की आता मर्ज करा, म्हणजे नवा कोड जुन्यात मिसळून टाका. माझे मॅनेजर माणूस म्हणून चांगले आहेत, पण त्या खुणेवर त्यांचा फार जीव.

"अगं, ग्रीन आहे ना? मग मर्ज कर. थांबलीयस कशाला?"

"वाचतेय सर."

"काय वाचतेयस? टेस्ट पास आहेत."

"टेस्टमध्ये जे विचारलंय ते पास आहे. जे विचारलं नाही ते बघतेय."

"तू फार हुशार आहेस, पण स्लो आहेस," असं ते म्हणाले. हसत म्हणाले, पण पुढं मूल्यमापनातही तेच लिहून आलं. घरी मी ते सांगितलं नाही. बाबांना स्लो या शब्दाचा अर्थ कळतो.

एवढं शहाणपण ऑफिसात सांगणारी मी. पण गावातली हिरवी खूण माझ्याच हातची होती.

तोवर आमचं शेत पुन्हा गोडं व्हायला लागलं होतं. पावसाचं पाणी साचवायचं, सोडायचं, पुन्हा साचवायचं, असं करत बाबा-आयनी कितीतरी पावसाळे ती जमीन धुतली होती. बाबांनी मिठागर सोडलं होतं. पहिल्यांदा भात पेरलं, ते विरळ उगवलं, तरी आय बांधावर बसून त्याच्याकडे बघत राहायची. याच सुमारास खाडीच्या तोंडाशी सरकारनं नवी उघाडी बांधून दिली. उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. भरतीच्या आधी बंद करायचा, ओहोटीला उघडून आतलं पावसाचं पाणी सोडायचं. लोखंडी दार, फिरवायचं चाक, आणि घराघरांत त्याच्या पाळ्या. एकदा कुणी तरी चाक अर्धंच फिरवून जेवायला गेला, आणि गावाची झोप उडाली. देवळात बैठक बसली. माझा चुलता मला म्हणाला, "तू एवढा कॉम्प्युटर शिकलीस, गावासाठी काय केलंस? उघाडीचं काय तरी कर."

केलं. साबणाच्या डबीएवढा कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, दाराला एक स्विच, पाण्यात एक तरंगता मापक, मोबाइलचं सिम, वर छोटं सोलर पॅनल. ऑफिसातल्या सहकाऱ्यानं सुचवलं की सगळं क्लाउडवर टाक, सुंदर ॲप कर. मी म्हटलं, आमच्याकडे वाऱ्यापावसात आधी जातो तो टॉवर. मग ते ॲप बघत बसायचं का? जे काय ठरवायचं ते त्या डबीनंच ठरवायचं, आणि रेंज असली की गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकायचा. दार उघडं राहिलं तर लाल खूण आणि पाळीवाल्याच्या घराचं नाव. दार बंद असलं की हिरवी खूण, आणि पुढं शब्द: "उघाडी बंद. सगळं ठीक."

"सगळं ठीक" हे दोन शब्द मी का घातले? मेसेज कोरडा वाटत होता म्हणून.

बाबांना जो आनंद झाला तो मी कॉलेजच्या निकालाला पाहिला नव्हता. चहाच्या टपरीवर मोबाइल हातात धरून ते सगळ्यांना हिरवी खूण दाखवायचे. "माजी पोर तिकडं हापिसात बसून खाडी बगते. तुमी कशाला चिखल तुडवताव?" कुणी कुदळ घेऊन बांधाकडे निघाला तर ते त्याला परत बोलवायचे. "मेसेज न्हाय आला का तुला? ठीक हाय म्हनतंय ते." ज्या माणसानं आयुष्यात एक उधाण चुकवलं नव्हतं, तो आता उधाणाच्या दिवशी ओटीवर बसून मोबाइल बघत होता. माझ्यावरच्या विश्वासानं. मला हे कळत होतं का? थोडं कळत होतं. आणि खरं सांगायचं तर छान वाटत होतं.

श्रावणातल्या पुनवेचं उधाण. त्या दिवशी मी घरून काम करत होते. बाहेर पाऊस नव्हता, ऊन होतं. दुपारच्या भरतीचा मेसेज ग्रुपवर आला, हिरवा. मी मॅनेजरांशी कॉलवर होते आणि विषय तोच चालला होता, की सगळं ग्रीन असताना माझी तपासणी इतका वेळ का खाते. आय गवत कापायला शेतावर गेली होती. तिची हाक आधी ऐकू आली, मग ती दिसली, लुगडं गुडघ्याच्या वर खोचून धावताना.

"पानी उकळतंय गो! आपल्या शेतात पानी उकळतंय!"

मी कॉल तसाच टाकून धावले. बांधाच्या आतल्या बाजूला, भाताच्या चुडांमधून, रोपांच्या झुबक्यांमधून, पाणी बुडबुड करत वर येत होतं. गढूळ, तळहाताएवढ्या तोंडातून. आमच्याच वाट्यात, उघाडीपासून लांब. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

बाबा माझ्या मागोमाग आले. सरळ आत उतरले, छातीवर पडून हात बिळात घातला खांद्यापर्यंत, आणि ओरडले, "पेंडा! पेंडा आना!" मग गाव आलं. सांगायला लागलं नाही, आयच्या हाकेनंच आलं. कुणी पेंढ्याचे भारे घेऊन, कुणी फावडी. बायकांची रांग लागली. चिखलाचा पहिला गोळा माझ्या हातात आला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलसाठी घातलेल्या इस्त्रीच्या कुडत्यात होते. शेजारची काकी म्हणाली, "धर की नीट! कॉम्प्युटर हाय का तो?" रांगेत हसू फुटलं. त्याही वेळी फुटलं. बाहेर भरती चढत होती. आधी आपण बीळ दाबतो की आधी पाणी वाट मोठी करतं, एवढंच त्या घडीला होतं. भोवतीची माती एकदा ढासळली, बाबा कमरेपर्यंत आत गेले, दोघांनी त्यांना ओढून धरलं. मग पाणी हळूहळू आटलं. भरती फिरली.

शेताचा एक कोपरा पुढं पिवळा पडला. बाकीचं वाचलं. बाबा बांधावर बसले होते, अंगभर चिखल, दंड सोललेला. खिशातला मोबाइल भिजून बंद पडला होता. चुलत्याचा चालू होता. त्यानं तो माझ्यापुढं धरला. हिरवी खूण. उघाडी बंद. सगळं ठीक.

माझा प्रोग्रॅम चुकला नव्हता. हे मी आजही म्हणते. दार बंदच होतं.

देवळातल्या बैठकीत मात्र वेगळंच निघालं. चुलता म्हणाला, "आता सगळ्या बांधावर लाव तुजे ते मापक. बीळ पडलं की कळंल." माना डोलल्या. मी उभी राहिले आणि नाही म्हणाले.

"का न्हाय?"

"चिंबोरी माझ्या मापकाला विचारून बीळ करणार नाही. आणि अजून मापक लावले तर आता जे चार जण चालतात तेही घरी बसतील. मी 'सगळं ठीक' काढून टाकणार आहे."

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हंजे तुजं चुकलं, असं गावाला सांगतंस?"

"चुकलं नाही बाबा. जिथं गप्प बसायला पाहिजे तिथं ते बोलत होतं."

"मंग मी येडा. मी सांगत फिरलो ना लोकांना."

बाबा उठून गेले. काही दिवस घरात आमचं बोलणं आयच्या मार्फत चाललं. "सांग बाबांना, जेवन वाढलंय." "सांग तुज्या पोरीला, भूक न्हाय." आय दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात स्वतःशीच म्हणायची, "दोगं बी इथंच हाव, मी काय टपालवाली हाय का?"

मी हिरवी खूण काढली. ते दोन शब्द काढले. गिटमध्ये "का" च्या जागी लिहिलं: "आपल्याला माहीत नाही ते माहीत असल्यासारखं सांगत होतो." आता दार उघडं असेल तर लाल मेसेज जातो, तेवढा ठेवला. दार बंद असेल तर काहीच जात नाही. त्याऐवजी उधाणाच्या सकाळी ग्रुपवर भरतीची वेळ जाते आणि खाली एकच ओळ: "बांधावर जा." आपला वाटा चालून झाला की त्या डबीच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. आमच्याकडे पोचलो, निघालो, जेवण झालं, सगळं मिस्ड कॉलवरच चालतं, त्यामुळे हे कुणाला शिकवावं लागलं नाही. ज्याचा कॉल येत नाही त्याचा वाटा ग्रुपवर "बाकी" म्हणून दिसतो, आणि मग टपरीवर त्याची जी खरडपट्टी काढली जाते ती बघण्यासारखी असते. कुणी अंथरुणातूनच मिस्ड कॉल देतो हेही मला माहीत आहे. त्यावर माझ्याकडे प्रोग्रॅम नाही. त्यावर शेजारची काकी आहे.

ऑफिसात मी हीच गोष्ट जरा नीट भाषेत मांडून बघितली. मर्ज करण्याआधी माणसानं काय वाचलं ते एका ओळीत लिहावं, एवढंच. मॅनेजर म्हणाले, "आयडिया चांगली आहे, पण आपल्याला स्पीड हवाय." ती ओळ मी एकटीच लिहिते. मी अजून स्लो आहे. नोकरीचं पुढं काय, मला सांगता येत नाही. जी साधनं माझ्याइतकाच बरा कोड लिहितात त्यांच्यावर माझा राग नाही. ती लिहितात. पण वाचायला कुणी उरलं नाही तर बीळ कुणाला दिसणार, ही काळजी माझ्या छातीवर बसलेली असते.

पुढच्या उधाणाच्या सकाळी मी उठले तेव्हा बाबांची कुदळ जागेवर नव्हती. आय चूल फुंकत म्हणाली, "गेलेत." थोड्या वेळानं त्या डबीच्या नोंदीत त्यांचा मिस्ड कॉल दिसला. सगळ्या गावात पहिला. मी चप्पल घातली आणि मागोमाग गेले. ते आमच्या वाट्याच्या दुसऱ्या टोकाला वाकून टाचेनं काही तरी दाबत होते. मला बघून म्हणाले, "आलीस? त्या मेढीपासनं बगत ये. सावकाश बग."

त्यानंतर खार आत आला नाही. गेल्या हंगामात आमच्या शेतात भात झालं. घराला वर्षभर पुरेल एवढं. आय दुकानात तांदूळ आणायला गेली नाही.